सोनेरी काठ नसलेला मग

"दोन मिनटं बसा, झालंच," असं म्हणून ती मायक्रोवेव्हवर हात ठेवून उभी राहायची, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. अंबाजोगाईत आमच्या समोरच्याच घरात राहायची. दवाखान्यात नर्स होती. ती ड्यूटीवरून आली, की चपला काढायच्या आत माझी गौरी तिच्या दारात हजर.

मैदा, पिठीसाखर, कोको, दूध, तेल, चिमूटभर बेकिंग पावडर. सगळं मगातच कालवायचं आणि मगासकट मायक्रोवेव्हमध्ये फिरवायचं. इकडे मी तासभर उभं राहून धपाटे थापावेत आणि पोरीनं विचारावं, "काकूंचा केक कधी?" तुम्हीच सांगा, जळणार नाही तर काय? खोटं कशाला बोलू, मी जळले.

नवऱ्याच्या मागे लागून मीही मायक्रोवेव्ह आणला. माप तिनंच सांगितलेलं. पण केक वरून ओला दिसायचा. कच्चं लेकराला कसं द्यावं, म्हणून मी आणखी तीन मिनिटं फिरवायची. त्याची वीट व्हायची. गौरी एक घास खाऊन चमचा खाली ठेवायची. बाई काहीतरी लपवते, अशी माझी खात्रीच झाली.

एकदा तिनं केकसकट मग आमच्याकडे पाठवला. पांढरा, साधा. तिचे बाकीचे कप लग्नातल्या आहेराचे, सोनेरी काठांचे. ते मायक्रोवेव्हमध्ये ठेवले की ठिणग्या उडायच्या. हे मला ठाऊक होतं. शेजारणीचं भांडं मोकळं परत करायचं नसतं, काहीतरी घालून देऊ, असं म्हणत मी तो मांडणीवर मागे सारला. दिला मात्र नाहीच.

"काकू, केक?" एका संध्याकाळी गौरीचा आवाज खिडकीतून ऐकू आला.

"आपला मग पाव्हणा गेलाय लेकरा. आला की करू."

मला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं.

महिन्याभरात तिची बदली झाली. निरोप घ्यायला आली आणि पाणी पिता पिता तिची नजर मांडणीवर गेली. मी तांब्या धरून तशीच उभी.

"ऱ्हाऊ द्या वैनी," ती म्हणाली. "मोकळा कसा द्यावा, म्हणून ऱ्हायला आसंल. अन् केक वरून वला दिसला तरी बंद करा. दोन मिनटं नुस्तं बसायचं. बसल्या बसल्या हुतंय."

म्हणजे ती काहीच लपवत नव्हती. 'दोन मिनटं बसा' रोज माझ्या कानावर पडतच होतं.

परवा तसंच केलं. बटण बंद करून मायलेकी ओट्यापाशी बसलो. तेवढ्या वेळात गौरीनं शाळेतली भांडणं सांगितली, रुसलेली मैत्रीण सांगितली, गणिताची भीती सांगितली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. हे सगळं आजवर समोरच्या घरात सांगून व्हायचं. त्या घडीला तर मी पुन्हा नव्यानं जळले.

केक मऊ झाला. गौरीनं खाल्ला. तिचा पांढरा मग धुऊन मी त्यात दुसरा केक केला, वर ताटली झाकली आणि पदराला हात पुसून दार उघडलं.

समोर तिच्या दाराला कुलूप होतं.