रुसलेला पत्रा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि भाजीत मीठ जास्त पडलं तरी त्याला आधी सांगणारी बाई मी! तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. ऐका मात्र.

शेवंता ही माझ्या आईची थोरली बहीण, आमची मोठीमाय. गोंदियाजवळच्या मुर्रीत राहते. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये तिनं उभं आयुष्य धान वाळवलं. पॉलिटेक्निकची तिन्ही वर्षं मी तिच्याच घरी राहिले, तिच्याच हातचं जेवले. शेवटच्या वर्षीचा माझा प्रकल्प म्हणजे — पातळ पत्रा तापून वाकताना जो झटका देतो, त्यातून वीज काढायची. पत्र्याच्या पट्टीवर बझरमधली चकती चिकटवायची. झटका बसला की ती चिमूटभर वीज देते. पण माझी पट्टी झटका देईल तर शपथ! तापायची, गार व्हायची, ढिम्म.

एकदा मोठीमाय डबा घरीच विसरली, म्हणून दुपारी मिलमध्ये गेले. ऊन चढलेलं. दाराचा पत्रा टण्णकन बाहेर फुगला आणि बायका उठल्या, "रुसला पत्रा, चला जेवाले!" रोज त्याच आवाजावर त्यांची सुट्टी. मी माझं रडगाणं गायले, तर मोठीमाय हसली.

"मिस्त्रीनं जास्तीचा कापला अन् चौकटीत कोंबून देल्ला. जागा कमी पडून राहिली त्याले, म्हणून रुसते. तू ताणून ठोकशील तं कायले रुसन तो?"

मी पट्टी चौकटीपेक्षा लांब कापली, कोंबून बसवली. दिवा लुकलुकला! पहिला नंबर आला, आणि आजची नोकरी त्याच जोरावर.

परीक्षकांनी विचारलं, हे सुचलं कसं? "गणितातून, सर." — एवढंच असतं तर कदाचित पचलंही असतं.

अहवाल इंग्रजीत होता. आभाराचं पान तेवढं मी हौसेनं मराठीत लिहिलं. त्यात सर होते, प्रयोगशाळेतले काका होते, झेरॉक्सवाला होता. मोठीमाय नव्हती. अहवालातही सगळं गणितातूनच सुचलं म्हणून लिहिलेलं; तिथे मिलमधली बाई कुठे बसवणार? तिला तेव्हा वाचता येत नव्हतं.

"मायं नाव कुठं हाये वं?" घरी ते पान दाखवलं, तेव्हा तिनं विचारलं.

मी तिचं बोट धरलं आणि — झेरॉक्सवाल्याच्या नावावर ठेवलं. ती त्या ओळीवरून हात फिरवत राहिली. मग अहवाल लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवला.

यंदा ती साक्षरता वर्गाला जायला लागली. गेल्या महिन्यात मी गेले, तर अहवाल तिच्या मांडीवर, तेच पान उघडं, बोट त्याच ओळीवर. अक्षर लावत होती. झे... रॉ... माझ्याकडे बघितलं. पान मिटलं.

"चहा पेतेस का वं?"

काय काय घेतलं मी तिच्याकडून! छप्पर, जेवण, ती पट्टी, सगळी पुढची वर्षं. आणि वर हा चहा. मला आलं चालत नाही, म्हणून तिनं माझा कप वेगळा केला होता.

मी तिच्यासमोर बसून तो सगळा प्याले, आणि कप विसळून ठेवला.