बोहेमियाचे बुवा आणि भोरचा गुरुवार

तीन माणसं दर गुरुवारी एकाच खोलीत सात वर्षं बसली, की सूर जमोत न जमोत, किस्से मात्र जमतात. आमचे सूर किती जमले ते विचारू नका. किस्से इतके झालेत, की कुठला आधी घडला यावरून बाजीराव आणि मी अजून भांडतो.

खोली भोरच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानावर. तिथे वसंत सर व्हायोलिन शिकवायचे. नोकरी शाळेत चित्रकलेची. व्हायोलिन मात्र भजनात बसून उचललेलं. शिष्य दोनच: एसटीतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले शिवऱ्याचे बाजीराव आणि कॉलेजच्या लायब्ररीत शिक्के मारणारी मी. सरांना एका पुस्तकात साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, बोहेमियाचा एक व्हायोलिनवाला सापडला आणि आम्ही तिघंही त्याच्या नादी लागलो. नाव जिभेवर बसेना, म्हणून तो 'बुवा' झाला.

बुवांची पाव तासाची एक रचना आहे, एकट्या व्हायोलिनची. ती एकदा तरी माणसांसमोर सबंध वाजवायची, एवढीच सरांची इच्छा. दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की."

*

बुवांचं चरित्र सर आम्हाला चहाबरोबर सांगायचे. बुवा एका बिशपच्या पदरी होते. मालकानं त्यांना नवी व्हायोलिनं आणायला दूरच्या कारागिराकडे पाठवलं. बुवा गेले ते परतलेच नाहीत. परस्पर दुसऱ्या गावी नोकरीला लागले.

बाजीरावांनी कप खाली ठेवला. अर्ज दिल्याशिवाय या माणसानं आयुष्यात कधी रजा घेतली नव्हती. "मंग तिकडं त्यांची हजेरी कोन लावत व्हतं?" त्यांनी विचारलं.

पुढचे दोन गुरुवार बाजीरावांनी बुवांचा एक सूर वाजवला नाही. शेवटी सरांनी सांगितलं, की म्हातारपणी बादशहानं बुवांना सरदारकी दिली. तेव्हा बाजीराव जरा निवळले. म्हणाले, "म्हंजे पेन्शन बुडाली न्हाई."

*

बुवांचं नोटेशन सर पुस्तकावरून स्वतःच शिकले आणि आम्हाला शिकवलं. कुठल्या खुणेला कुठल्या तारेवर कुठलं बोट, सगळं चोख. फक्त तारा आम्ही आपल्या भजनातल्यासारख्या लावल्या होत्या, सा-प-सा-प. तिकडे त्या वेगळ्या लावतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

जे निघायचं ते भयंकर असायचं. खालचा दुकानदार एकदा वर येऊन सगळं ठीक आहे ना, असं विचारून गेला. सर म्हणायचे, परदेशी संगीत आहे, कानाला सवय व्हायला हवी. आणि खरं सांगते, तीन महिन्यांत सवय झाली! मला ते आवडायलाही लागलं होतं.

मग सरांच्या भाचीनं मोबाईलवर खरं रेकॉर्डिंग ऐकवलं. आमच्यात आणि त्यात काही म्हणजे काही सारखं नव्हतं. फक्त एक तुकडा हुबेहूब निघाला. शोध घेतला तर कळलं, बुवांना वेगवेगळ्या तुकड्यांसाठी तारा उलटसुलट लावायची खोड होती, आणि त्या एका तुकड्यासाठी त्यांनी त्या सा-प-सा-प अशाच लावायला सांगितल्या होत्या.

सर ओशाळून बसले होते. बाजीराव म्हणाले, "आपलं काय बी चुकलं न्हाई, सर. बाकीच्या येळंला बुवाच चुकलं."

*

बुवांनी व्हायोलिनमधून बेडूक, मांजर, कोंबडी असे आवाजही काढलेत. बाजीरावांच्या बहिणीला, पालीच्या आक्कांना, आम्ही ते अंगणात ऐकवलं. मागं राजगड, पुढं आक्का, सुपात तांदूळ. बेडकाला त्या हसल्या. मांजराला मान डोलावली. अंडं घालून ओरडणारी कोंबडी आली आणि त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ही खुडूक कोंबडी हाय, सर, उबवाया बसल्याली. अंडं घातल्यावर अशी न्हाई वरडत."

सर दुपारपर्यंत खुराड्यापाशी कान लावून बसले. तेव्हापासून आमच्या खोलीत बुवांची कोंबडी बंद झाली, आक्कांची सुरू झाली. तो दिवस आठवला की मला अजून भरून येतं. सरांची बोटं तेव्हा काय पळायची!

*

गेल्या वर्षी सरांना अर्धांगाचा हलका झटका आला. डाव्या हाताची दोन बोटं बधिर राहिली. त्यानंतर ते 'पुढच्या वर्षी' म्हणाले नाहीत. वेल्ह्याच्या पुढे त्यांच्या बहिणीच्या गावात सप्ताह होता. तिथली दुपारची रिकामी वेळ त्यांनी बुवांच्या त्या पाव तासाच्या रचनेसाठी मागून घेतली.

देवळात सर मांडी घालून बसले. आधी त्यांनी लोकांना सांगितलं, की सा, नी, ध, प असे चार सूर उतरतात, शेवटपर्यंत तेच फिरत राहतात, आणि बाकी सगळं त्यांच्यावर चालतं. मग सुरुवात केली. दहा मिनिटं मी मनात तेच चार सूर मोजत होते. कुठं बोट घसरलं, पण ते थांबले नाहीत.

आणि मग बोटं तारेवर तशीच राहिली. हलेचनात. उजव्या हातातला गज हवेत. बाजीरावांनी मान खाली घातली. मला रडू आलं.

भजनी मंडळाचे धोंडिबाअण्णा पेटीवर बसले होते, सरांहून दहा वर्षांनी मोठे. त्यांनी भाता ओढला आणि हळूच वाजवलं: सा, नी, ध, प. परत तेच. परत तेच. मृदंगवाल्यानं एका हातानं ठेका धरला. सर डावा हात मांडीवर चोळत होते.

अण्णा पेटी न थांबवता म्हणाले, "घाई न्हाई, सर. आमी हितंच फिरतोय."