फर्स्ट शिफ्टला गेलेले देव

नव्वदीच्या दशकात माझ्या गिटारच्या दोन कॅसेटी निघाल्या. दोन्हींवर एकही शब्द नव्हता, नुसती गिटार. पालघरला कुठे कार्यक्रम झाला की कुणीतरी हमखास विचारायचं, पूर्वी तुम्ही एवढे गात होता, मग गाणं का सोडलंत? मी चष्मा पुसत म्हणायचो, ‘शब्द थकतात तिथे सूर सुरू होतात.’ लोक माना डोलवायचे. एका मासिकवाल्याने तर हे वाक्य चौकटीत छापलं. नाकाने कांदे सोलायची ही विद्या मला कुणी शिकवली नाही, आपोआप आली. खरं कारण सांगायची लाज वाटायची. अजूनही वाटते, पण आता सांगून टाकतो.

आमचं घर बोईसरजवळच्या दांडी गावात. वडील दर्यावर, आई बोईसरच्या बाजारात मासळी विकायला. पण गावात आईला मान होता तो मासळीमुळे नव्हे. ती धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात भटजी त्याचं काम करतो ते करतो, पण धवलारणीने धवले गायल्याशिवाय लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नसत. मांडवात बसून ती एकेका देवाला नाव घेऊन बोलावते. गावदेवी, कुलदैवत, दर्या, मग त्या घरातले मेलेले आजे-पणजे. एकाचंही नाव राहिलं तर तो रुसतो, अशी समजूत. आई शाळेची पायरी चढली नव्हती, पण गावातल्या घराघरातले मेलेले तिला पाठ होते.

मी मात्र शिकलो. फिटरचा कोर्स केला आणि बोईसरला एका कारखान्यात लागलो. तिथे कॉलनीत राहणाऱ्या एका इंजिनिअरच्या मुलाशी ओळख झाली. त्याच्याकडे परदेशातून आलेल्या पंक संगीताच्या कॅसेटी होत्या. तीन कॉर्ड आणि भरपूर राग, एवढ्या भांडवलावर माणूस स्टेजवर उभा राहू शकतो हे ऐकून मी वेडाच झालो. जुनी गिटार घेतली. तो बेस वाजवायचा, माझ्याच शिफ्टचा एक वेल्डर ड्रम बडवायचा, आणि मी गिटार वाजवत बोंबलायचो. एका बंद पडलेल्या गोदामात आमची तालीम चालायची. कॅसेटकंपनी-बिंपनी काही नव्हती. आमच्या कॅसेटी आम्हीच भरायचो, वर स्केचपेनने नावं आम्हीच लिहायचो आणि पानाच्या टपरीवर ठेवायचो.

आमची गाणी फोरमनवर होती, ओव्हरटाइमवर होती, खाडीत मरून वर येणाऱ्या माशांवर होती. राग खरा होता, पण ऐकायला कंटाळवाणा होता. लोक दोन गाण्यांनंतर चहा प्यायला उठून जायचे. मला ते फार लागायचं. टाळ्या हव्या होत्या मला, कशाही चालल्या असत्या.

मग मला ती अक्कल सुचली. मामाच्या मुलीच्या लग्नात मी आईचे धवले टेपवर भरून घेतले होते. ठरवलं की टेप मोठ्याने लावायची, खाली ड्रम आणि गिटार, आणि आई ज्या ज्या देवाला बोलावील त्याच्या नावापुढे आपण माइकवर ओरडायचं, ‘घरी नाय! फर्स्ट शिफ्टला गेलाय!’ वेल्डर हसून लोळला. बेसवाल्याने बेस खाली ठेवला. म्हणाला, ‘तुझ्या आईची आहे ना रे टेप?’ मी म्हणालो, ‘पंक म्हणजे कुणाचा मुलाहिजा ठेवायचा नाही.’ दुसऱ्याच्या कॅसेटीतून उचललेली अक्कल माणूस किती ठासून सांगतो.

गणपतीत कामगार वसाहतीतल्या मंडळाने आम्हाला स्टेज दिलं. आणि मी काय केलं असेल? मी आईला बोलावणं दिलं. म्हणालो, ‘आये, नक्की ये, तुजा आवाज लावनार हाय मी स्पीकरवर.’ तिने पेटीतलं चांगलं लुगडं काढलं, केसांत अबोलीची वेणी घातली आणि शेजारच्या दोघींना घेऊन पुढच्या रांगेत येऊन बसली.

तिचा आवाज स्पीकरमधून आला तेव्हा तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. मला वरून दिसलं. तिने पहिलं नाव गावदेवीचं घेतलं. मी ओरडलो. आख्खं मैदान हशाने फुटलं. दुसऱ्या नावाला लोक माझ्याबरोबर ओरडायला लागले, बिहार-यूपीचे कामगारसुद्धा, ‘फर्स्ट शिफ्ट में गया!’ आई पहिल्यांदा सगळ्यांबरोबर हसली. तिला वाटलं असावं, कौतुक चाललंय. मग माझ्या आजोबांचं, तिच्याच वडिलांचं, नाव आलं, त्यालाही मी ड्युटीवर पाठवलं, तेव्हा तिने पदर तोंडावर धरला. गाणं संपल्यावर मी बघितलं तर तिघीही उठून गेल्या होत्या. मला ‘वन्स मोअर’ मिळाला आणि मी तो दिला.

घरी तिने नेहमीसारखं जेवायला वाढलं, माशाचा चांगला तुकडा मलाच दिला.

ती कॅसेट मात्र टपरीवर खपली, गावात पोचली. दिवाळीनंतरच्या लग्नसराईत आमच्या आळीत लग्न होतं. आई मांडवात बसली, धवले सुरू केले. गावदेवीचं नाव घेतलं आणि मागून पाच-सहा जण ओरडले, ‘घरी नाय! फर्स्ट शिफ्टला गेलाय!’ नवऱ्यामुलाचे काकासुद्धा हसले. आई थांबली, परत पहिल्यापासून सुरू केलं. परत तेच. तिने इकडेतिकडे पाहिलं. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होतो. ओरडणारी पोरं माझ्याकडे वळून बघत होती, वस्तादाकडे बघावं तशी. एक शब्द बोललो असतो तर पोरं गप्प झाली असती. मी हसलो. थोडंसंच, पण हसलो. आईने ते पाहिलं.

तिने पाणी मागितलं, दोन घोट प्यायली आणि म्हणाली, ‘दम लागतो आता. दुसरी कोन बोलवा.’ त्यानंतर ती कुठल्याच मांडवात बसली नाही. लोक विचारायला यायचे, तिचं उत्तर एकच, दम लागतो. स्टेशनच्या पुलाच्या सत्तर पायऱ्या चढून डोक्यावर मासळीची पाटी नेणारी बाई ती. कसला दम?

मला ते हसणं पचलं नाही. पुढच्या कार्यक्रमात माइकसमोर उभा राहिलो आणि तोंड उघडेना. बँड मोडला. बेसवाला नोकरीसाठी पुण्याला गेला, वेल्डरचं लग्न झालं. मी गिटार घेऊन एकटाच बसायला लागलो आणि या वेळी खरोखर शिकलो. सुट्टीच्या दिवशी केळव्याला एका रिसॉर्टवर मुंबईच्या पाहुण्यांपुढे दुपारच्या जेवणाला वाजवायचो, तिथे बोटं तयार झाली. मग कॅसेटी, मग पालघरचे कार्यक्रम. मनात मी स्वतःला सांगायचो, तोंडाने पाप केलं, म्हणून तोंड बंद ठेवलं, हेच आपलं प्रायश्चित्त. फार सोयीचं प्रायश्चित्त होतं. त्यात टाळ्या मिळत होत्या.

बहिणीचं लग्न ठरलं. मी सांगितलं, धवलारीण बोलवू नका, मी बघतो. तीन महिने आईच्या धवल्यांची चाल गिटारवर बसवली. तिची जागान् जागा, तिचा श्वास घ्यायचा थांबासुद्धा. हळदीच्या मांडवात वाजवलं. पालघरचे पाहुणे अवाक झाले, एका म्हाताऱ्याने डोळे पुसले. आई कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, भरून आलंय तिला. आज फिटलं सगळं.

नंतर मागच्या दारी ती भांडी घासायला बसली होती, तिथे गेलो. ‘आये, कसा वाजवला?’

‘बरा वाजवलास. चाल तीच हाय.’ मग हात न थांबवता म्हणाली, ‘पन बोलावला कोनाला?’

मला कळलं नाही.

‘नाव नाय घेतला तर देव येल कसा, बाला? देवीचा नाय घेतला, तुज्या आज्याचा नाय घेतला. तू वाजवत व्हतास तवा मीच घेतली सगल्यांची नावा, तोंडातल्या तोंडात. पोरीचा लगीन हाय, कोन राहाया नको.’

म्हणजे तिचे धवले अजून जिवंत होते. आणि मी मांडव अडवून वाजवत बसलो होतो, ती माझ्या आवाजाखाली कोपऱ्यात लपून, चोरून गात होती. स्वतःच्या लेकीच्या हळदीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तीच म्हणाली, ‘तुजा तरी काय दोष? गलाच गेला तुजा, ओरडून ओरडून. नायतर तू गायला असतास. देवीला बोललेय मी, पोराचा गला परत दे.’

गळ्याला काहीही झालं नव्हतं. तेवढंच सांगायचं होतं. गळा ठीक आहे आये, मी तुझी थट्टा केली, त्या दिवशी मांडवात हसलो, चुकलो, चल आत, तू गा, कोण ओरडतो ते मी बघतो. सगळं जिभेवर होतं, आणि मांडव अजून भरलेला होता.

मी म्हणालो, ‘हां आये. डागदर पन तेच बोलला.’

त्यानंतर ती असेपर्यंत दर मंगळवारी माझ्या गळ्यासाठी उपास करायची. मी तिच्यासमोर बसून जेवायचो.