गाडीसोबतचा माणूस

आमच्या घरात कुठं जायचं ठरलं की उतरायची सोय माझ्याकडं असते. गाडी कुणीही ठरवतं, फराळाचं बायका बघतात. पण पंधरा-सोळा माणसांचं खटलं, त्यात लेकरं, गुडघ्यांनी अडलेली म्हातारी माणसं, एखादी बाळंतीण, आणि लॉजवाला म्हणतो एका खोलीत दोघंच. तिथं मी लागतो. देवस्थानचं भक्तनिवास, सुट्टीत रिकामं पडलेलं वसतिगृह, लग्नतिथी नसेल तर मंगल कार्यालयाचा हॉल, आणि काहीच जमलं नाही तर बसस्टँडमागचा लॉज. फोनवर सगळी माणसं कधी सांगायची नाहीत. "दोन-तीन फॅमिली आहोत, लहान मुलं आहेत," एवढंच. काउंटरवर आपण आणि बायकोनं जायचं, बाकीच्यांनी गाडीत थांबायचं, मग पाणी प्यायला, बाथरूमला, असं करत एकेकानं वर सरकायचं. बारा वर्षांचं पोरगं नऊचं सांगायचं. माझी बहीण म्हणते, "दादाला मकबरा जरी दिला ना, तरी दोन खोल्यांत चौदा माणसं झोपवील, आणि वर चादरी मागून घेईल." सगळे हसतात. मीही हसायचो.

आता जे लिहितोय ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. एकीला न सांगताच कळलं होतं. तिचं पुढं येईल.

तसं आमचं घराणंच वाटेवर उतरणारं. खुलताबादच्या वरच्या अंगाला आमचं गाव. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गंगथडीला, नदीकाठच्या रानात, उतरायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत. माझा बाप मी शाळेत असतानाच गेला, आणि मेंढरं आणि मी, दोन्ही माझ्या चुलत्याच्या गळ्यात पडलो. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नानांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली. त्यांनी दुसरी केली नाही.

सुट्टीत मी तळावर असायचो. तळ टाकायच्या आधी नाना शेतमालकाच्या दारात जायचे आणि पायरीखाली उभं राहून सगळं सांगून टाकायचे. "मालक, मेंढरं अडीचशे, मानसं अकरा, त्यातली एक म्हातारी आजारी हाय. एक घोडी, दोन कुत्री. कुत्री लई भुंकतेत, आधीच सांगतो." एकदा मी शहाणपणा केला. म्हणालो, "नाना, अकरा कशाला सांगायची? कमी सांगितली तर लवकर हो म्हणंल की." नाना म्हणाले, "लेका, ज्याला मोजला नाय, त्यानं भाकरीला हात कसा घालायचा?"

तळावर सगळे पालात झोपत, एक माणूस बाहेर मेंढरांजवळ. या राखणीची पाळी असे. नाना आपली पाळी करत आणि ज्याचं अंग दुखतंय, ज्याची बायको रुसलीय, त्याचीही करत. होता होता नानांना बाहेरच बरं वाटतं, असं घरात ठरून गेलं. कुणी ठरवलं ठाऊक नाही. त्यांना विचारून तर नक्कीच नाही.

त्यांनी मला शहरात शिकायला ठेवलं. मला नोकरी लागली, पुंडलिकनगरात घर झालं. पुढच्या खोलीतला दिवाण नानांचा. महिन्यातून एकदा ते यायचे, शेंगा नाहीतर तूप घेऊन, दोन दिवस राहायचे. दिवाणावर झोपलेले नाना मी पाहिलेत. पांघरूण डोक्यावरून घेऊन घोरायचे. बाहेरच बरं वाटणारा माणूस असा झोपत नाही. हे मला तेव्हाही दिसत होतं.

पाच वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं आणि नव्या जोडीला घेऊन आम्ही जेजुरीला निघालो. लग्नानंतर कुळदैवताला जाणं आमच्यात चुकत नाही. नवरा नवरीला उचलून पाच पायऱ्या चढतो, मग वर तळी उचलतात. भंडारा-खोबऱ्यानं भरलेलं ताट घरच्या पाच पुरुषांनी मिळून उचलायचं. घरचे पुरुष आम्ही नेमके पाच : मी, मुलगा, बहिणीचा नवरा, भाचा आणि नाना. बाकी बायका आणि लेकरं. सगळे मिळून चौदा. ऐनवेळी नवरीची पाठराखीण म्हणून तिची आत्या आली, सोबत नवरीचा भाऊ. सोळा झालो. टेम्पो ट्रॅव्हलर सतरा सिटांची, त्यामुळं गाडीत अडचण नव्हती.

सुनेचं माहेर शहरातलं, पिढ्यान्‌पिढ्या शिकलेलं. नाना दाराजवळच्या सीटवर बसले होते, मांडीवर घोंगडी. मागं सुनेची आत्या. पडेगावच्या आसपास गाडी जरा वेगात आली आणि आत्यांनी रुमाल नाकाला लावला. "जरा काच उघडा हो," म्हणाल्या. मी पाहिलं. नानांनीही पाहिलं. त्यांनी घोंगडीची घडी केली आणि पायाखाली घातली. हे लिहितानाही मला आठवतंय की मला तेव्हा नानांचा राग आला होता. आत्यांचा नाही. (आणि पडेगाव दौलताबादच्या रस्त्याला आहे, जेजुरीच्या नाही. पण आधी नानांना घ्यायला आम्ही गावाकडं गेलो होतो आणि परत येताना ते लागलं. म्हणजे आत्यांना नाना भेटून तासही झाला नव्हता, आणि ते कोण हे मी सांगितलंही नव्हतं.)

संध्याकाळी लॉजवर पोचलो. तीन खोल्या घेतल्या होत्या, एकेका खोलीत पाच जण, जास्तीच्या गाद्या टाकून. मॅनेजर मुरलेला निघाला. माझी युक्ती त्यानं चालूच दिली नाही. दारात उभा राहून माणसं उतरताना मोजली आणि म्हणाला, "साहेब, सोळा झाली. चौथी खोली रिकामी आहे, देऊ का?"

मी म्हणालो, "नको. तो एक गाडीसोबतचा आहे."

लॉजच्या मागं ड्रायव्हर लोकांसाठी पत्र्याची खोली होती, फुकट. मॅनेजरनं नानांकडं पाहून विचारलं, "बाबा, तुम्ही गाडीसोबत का?"

नानांनी माझ्याकडं पाहिलं. मी रजिस्टरात डोकं घातलं होतं. लिहायचं सगळं लिहून झालं होतं.

"व्हय," नाना म्हणाले. "म्या गाडीसोबत हाय."

वर गेल्यावर बायकोनं विचारलं, "नाना कुठं झोपणार?" मी म्हणालो, "त्यांना मोकळ्यावरच बरं वाटतं, आणि एका माणसासाठी चौथी खोली कशाला?" तिनं मान हलवली. तिच्यावर ढकलता आलं असतं, पण ती त्यात नव्हती. पैशावरही ढकलता येणार नाही. लग्नात मी बँडवाल्यांना जे दिलं त्यात दहा खोल्या आल्या असत्या. मला फक्त तो रुमाल दिसत होता, आणि पुन्हा दिसायला नको होता. नाना आत्यांच्या समोरच्या खोलीतून खोकत बाहेर आले असते, ते मला नको होतं.

नानांनी मात्र एकदा 'व्हय' म्हटल्यावर ते पुरतं निभावलं. बॅगा त्यांनीच वर आणायला घेतल्या. आत्यांनी त्यांना दारातूनच सांगितलं, "इथं ठेव रे." नानांनी बॅग ठेवली. जिन्यात माझ्याजवळून जाताना थांबले आणि म्हणाले, "साहेब, आजून काय न्यायचं हाय?"

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते थट्टा करत असतील असं वाटलं. करत नव्हते.

सकाळी आम्ही सगळे पोहे खायला बसलो. नाना ड्रायव्हरसोबत कट्ट्यावर चहा पीत होते. हाक मारायला माझं तोंड उघडलं होतं, पण मॅनेजर काउंटरवर होता. काल सांगितलेलं आज कसं फिरवणार? खाऊन बाहेर आलो तर नाना गाडीची काच पुसत होते. ड्रायव्हर आपल्या शहरातलाच पोरगा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साब, चाचा को बोलो ना. गाडी मेरी है, धोना मेरा काम है. सुबा से लगेले हैं." मग आवाज उतरवून, "और चाचा तो आपके घर के हैं ना? फिर वां पीछे कायको सोए?"

"उनको बाहर अच्छा लगता," मी म्हणालो.

"हौ क्या," तो म्हणाला, आणि माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं ऑफिसात कुणी पाहत नाही.

गडावर तळीची वेळ झाली. मुलगा, मी, भाऊजी, भाचा. चारच. बहीण ओरडली, "नाना कुठंयत? पाचवा हात नको का?" मी खाली पायऱ्यांकडं गेलो. नाना धुतलेलं धोतर नेसून तिथंच उभे होते, बोलावतील या बेतानं. त्यांनी ताटाला हात लावला, येळकोट केला, सुनेच्या कपाळाला भंडारा लावला. खोलीत ज्याला मोजलं नाही त्याला मी तळीला मोजलं. उतरताना ते पुन्हा ड्रायव्हरच्या बरोबर चालू लागले.

त्यानंतर नाना आमच्या घरी राहिले नाहीत. येत. शेंगा आणत, तूप आणत. पायरीवर बसून चहा घेत आणि तीन वाजले की उठत. "उजेडात गाव गाठल्यालं बरं." बायको म्हणायची, "नाना, दिवाण आहे की." ते म्हणायचे, "हाय की, कुठं पळून चाललाय." हळूहळू त्या दिवाणावर इस्त्रीचे कपडे साठायला लागले. बायकोला वाटलं नानांचं वय झालं, गाव सुटत नाही. मी तिला तसंच वाटू दिलं.

गेल्या वर्षी नातवाचं जावळ काढायचं ठरलं. पुन्हा जेजुरी. बहिणीला मी आवर्जून सांगितलं, तोच लॉज घेतो. फोनवर आयुष्यात पहिल्यांदा खरी माणसं सांगितली. पंधरा. चार खोल्या, त्यातली एक तळमजल्यावर, नानांसाठी, कॉट असलेली. गुडघे दुखतात त्यांचे. एवढं करून मी गावी गेलो. मनात वाक्य तयार होतं.

नानांनी मला बाजेवर बसवलं आणि स्वतः खाली बसून हातातल्या चातीवर लोकर कातत राहिले.

"नाना, बाळाचं जावळ हाय. तुम्ही पाह्यजेतच."

"गाडी कोणची हाय?"

"मागच्यासारखीच."

"डायवर त्योच?"

"नाही, दुसरा."

"मग नाय जमायचं." चाती फिरतच होती. "म्या गाडीसोबतचा मानूस. गाडी बदलली, मानूस बदलला."

मी म्हणालो, "तुमच्यासाठी खोली घेतलीय. खाली, पायऱ्या नाहीत. कॉट आहे."

"लई सोय केली."

मी तयार करून नेलेलं वाक्य तिथं यायला हवं होतं. ते आलं नाही. त्याऐवजी मी म्हणालो, "तेव्हा जागा नव्हती, नाना."

चाती थांबली. "जागा व्हती की. माझ्या म्होरंच त्यानं चौथी खोली सांगितली." मग ते उठले. "चहा घे. लांबून आलायस." घरच्या माणसाला असं कुणी म्हणत नाही. हे पाहुण्याला म्हणतात. मी चहा घेतला आणि निघालो.

लॉजवर तोच मॅनेजर. मी सगळ्यांची नावं लिहीत होतो, शेजारी सून बाळाला घेऊन. त्यानं ओळखलं. "तुमचा तो गाडीसोबतचा बाबा आला नाही का यंदा? लई भला माणूस. जाताना माझं अंगण झाडून गेला होता."

"नाही आला," मी म्हणालो.

सून मॅनेजरला म्हणाली, "ते माझे आजेसासरे आहेत." आवाज चढवला नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही. "यांना त्यांनीच वाढवलंय."

मॅनेजरनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि किल्ल्या मोजायला घेतल्या. जिन्यात ती म्हणाली, "बाबा, मला तेव्हाच कळलं होतं. आत्यानं त्यांना 'ठेव रे' म्हटलं ना, तेव्हा. मी नवी होते, बोलले नाही. थोडा दोष माझ्याकडंही लागतो." मला बरं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, ज्या एका माणसापासून लपवायला एवढं केलं, तिनं पहिल्याच दिवशी सगळं पाहिलं होतं, आणि चार वर्षं माझ्या ताटात वाढत होती.

तळमजल्यावरच्या खोलीत कॉट घातलेली होती, धुतलेली चादर, दोन उशा. कुणी झोपायला तयार होईना, सगळ्यांना एकत्र वर राहायचं होतं. शेवटी आम्ही त्या कॉटवर बॅगा ठेवल्या.

सकाळी गडावर जावळ झालं. बाळ मामाच्या मांडीवर रडून रडून थकलं होतं, म्हणून मामा त्याला घेऊन खाली सावलीत गेला. मग तळी. मुलगा, मी, भाऊजी, भाचा. गुरव म्हणाला, "पाचवा कोण?"

बहिणीनं सवयीनं मागं पाहिलं. सून खाली बघत होती. पायऱ्यांपाशी आमचा ड्रायव्हर उभा होता, नवीन, कालपर्यंत आम्ही त्याला कधी पाहिलेलंही नव्हतं. वेळ चालली होती, मागं रांग होती. मी जाऊन त्याचा हात धरून त्याला आणलं. त्यानं घाईघाईनं पँटला हात पुसले.

गुरवानं विचारलं, "घरचाच ना?"

मी म्हणालो, "हो. घरचाच."