मागच्या गल्लीचं वानर

पांढुर्ण्यात आमच्या भागात नळ आल्याचं सुखदेव सांगतो. तो आमच्याच गल्लीतला, नगरपालिकेचा व्हॉल्व्ह उघडणारा माणूस. पहाटे चावी फिरवली की आमच्या गल्लीत तो दयाळ पक्ष्याची शीळ घालतो आणि मागच्या गल्लीत वानरासारखा हूप करतो. दोन्ही आवाज असे हुबेहूब, की खरा दयाळ तारेवर येऊन त्याच्याशी भांडतो.

वर्षानुवर्षं हे बरं चाललं होतं. मग त्याच्या मुलीनं, वैशालीनं, मागच्या गल्लीतला अतुल पसंत केला, आणि अतुलची आई शकुंतला अडून बसली.

"तुमाले पाखरू अन् आमाले माकड? आमी काय झाडावर राहून राहिलो? अशा घरची पोरगी मले नको."

"वहिनी, तुमची गल्ली लांब हाय," सुखदेव म्हणाला. "शीळ शेवटच्या घरापर्यंत पोचत नाई."

ती ऐकेना. सुखदेवची बायको शोभा रडकुंडीला आली आणि तिनं मला मध्ये घातलं. मी प्राणिशास्त्राची पदवीधर. शकुंतलाला सरळ सांगितलं, "दयाळ काय अन् वानर काय, दोघं एकच सांगतात: ही जागा माझी, तुम्ही फुटा. एक गोड बोलून, दुसरा ओरडून. यात अपमान कुठं आला?"

"मंग गोडवाला आमाले द्या."

मी तो निरोप सुखदेवला दिला. सुखदेवनं अदलाबदल केली. हूप ऐकून आमची गल्ली अंथरुणातून उडाली. पाण्याआधी बादल्या हजर. मागच्या गल्लीत मात्र चैत्रातले खरे दयाळ आधीच शीळ घालत होते. त्यांत सुखदेवची कोणती, कोणाला कळणार? लोक सुखानं झोपले. नळ आला आणि गेला.

दोन-चार दिवसांतच शकुंतला कमरेवर पाण्याचा रिकामा गुंड घेऊन सुखदेवच्या दारात उभी. मागं निम्मी गल्ली. शोभानं घाबरून खुर्ची पुढं केली.

"भाऊ, पाखरू ठेवा तुमच्यापाशी," शकुंतला म्हणाली. "आमचं वानर वापस द्या."

सुखदेव गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "देतो. पन व्याह्याच्या दारात हूप केलं, तं लोक काय म्हनतीन?"

"लोक आंघोळ करतीन," मागून कोणीतरी म्हणालं.

शकुंतलाला हसू आवरेना. ती खुर्चीत बसली. "वैशालीले बोलवा, तारीख काढू. अन् शोभाताई, आधी हा गुंड भरा. घरी चहाले पानी नाई."