पुठ्ठ्याचा पियानो

"हात नको लावू. वास राहतो."

मी अकरा वर्षांची होते. भद्रावतीजवळच्या एका कोळसा खाणीच्या कॉलनीत आई मासोळ्या विकायची. मागच्या दारानं जायचं, मागच्या दारानं यायचं. त्या दिवशी एका साहेबांच्या बंगल्यामागं आई मासोळी कापत बसली आणि मी हळूच आत शिरले. हॉलमध्ये पियानो होता. मी एक पट्टी दाबली. एकच. आवाज हळूहळू विरत गेला, पार संपला, तोवर मी बोट उचललं नाही.

ते बोलून बाईसाहेबांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवला. ती पट्टी पुसली. शेजारच्या दोन पुसल्या. त्यांना तर मी हातही लावला नव्हता. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "चुकलं पोट्टीचं, बाई," म्हणाली, आणि वर दोन मासोळ्या जास्तीच्या टाकल्या.

आम्ही ढिवर. तळ्यावर जगणारे.

इथवर ऐकून तुम्ही माझी कीव कराल. करू नका. पुढचं ऐका.

मी पियानो शिकले. ईर्ष्येनं शिकले. चंद्रपूरला एक म्हातारे सर होते, त्यांनी आडनाव विचारलं नाही आणि पहिल्याच दिवशी मला पियानोसमोर बसवलं. परीक्षा दिल्या. शिकवायला लागले. आणि फिरूनफिरून नोकरी मिळाली ती त्याच कॉलनीच्या क्लबात. कोणी मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही. घरी काय करतात विचारलं, की 'शेती आहे' म्हणायचे. मासोळीचं नाव काढलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा 'आजारी नातेवाईक' म्हणून सुट्टी घेतली. लाज वाटते सांगताना.

मग क्लबानं ठरवलं, शेजारच्या गावातल्या मुलांनाही फुकट शिकवायचं. सहा मुलं आली. क्लबच्या सेक्रेटरी मॅडम म्हणाल्या, "पियानो नाजूक आहे हो. तुम्ही बघाल ना?"

तेवढंच. पुढचं मला कोणी सांगितलं नाही. मी आपण होऊन केलं.

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणला. त्यावर चार सप्तकं आखली. बोटांना उंचवटा कळावा म्हणून सायकलची ट्यूब कापून काळ्या पट्ट्या चिकटवल्या. पंजा गोल राहावा म्हणून मुलांच्या तळहातात उन्हाळ्यात टेंभराचं गोल फळ द्यायचे, नंतर बारीक लिंबू. ताल शिकवताना म्हणायचे, घरी आई कपडे धोपटते तसं मोजा. मुलं भराभर शिकली. या युक्त्या चांगल्या होत्या, आजही म्हणते. वाईट होता तो माझा नियम. गावातल्या मुलांनी आधी सहा महिने पुठ्ठ्यावर बसायचं, मग पियानोवर. कॉलनीतल्या मुलांना हा नियम नव्हता. सहाचे दहा महिने झाले. सेक्रेटरी मॅडमनी पुठ्ठ्याचा फोटो काढला, खूप कौतुक केलं. मी फुशारले.

सहांत एक वैष्णवी होती. दहा वर्षांची. बाप तळ्यात जाळं टाकतो. ती पुठ्ठ्यावर अख्खं गाणं वाजवायची, न चुकता. एकदा म्हणाली, "मॅडम, मले पूर्ण येते हे. पन हे आयकू कसं येते?"

"येईल ना. घाई काऊन करतेस?" मी म्हटलं. गावाकडचं 'काऊन' तोंडून निसटलं आणि मीच दचकले. कॉलनीतलं कोणी ऐकलं का, आधी ते पाहिलं. पोरीच्या प्रश्नाकडे नाही.

क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात गावातलं एक तरी मूल दिसावं, असं सेक्रेटरी मॅडमना वाटलं. मी वैष्णवीचं नाव दिलं. तिनं खऱ्या पियानोला हात लावला तो थेट स्टेजवर. पहिला सूर आला आणि ती दचकली. मग सगळ्या पट्ट्या सारख्याच जोरात ठोकत गेली. बोट टेकवलं की लगेच उचलायची. सूर धरून ठेवायचा असतो हे तिला पुठ्ठ्यावर कुठून कळणार? गाण्याचे तुकडे पडले. पुढच्या रांगेत हसू फुटलं. मी माईक हातात घेतला.

"गावातली मुलगी आहे, समजून घ्या."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत तिची आई नवं लुगडं नेसून बसली होती.

वैष्णवी यायची थांबली. आठ दिवसांनी मी तिच्या घरी गेले. बाप अंगणात जाळं सांधत होता. आई म्हणाली, "पोट्टीच्या हातात काई खोट हाये का, बाई? तवापासून हाताकडंच पाहून राह्यली."

"हात चांगला आहे. मीच शिकवलं चुकीचं."

वैष्णवी दारातूनच बोलली. "ते हासले तं हासले. तुमी तं आमच्या होत्या ना? मंग तुमी काऊन त्यायच्याकडून बोलल्या?"

तिला कसं कळलं मी कुठली, मी विचारलं नाही. आईला ओळखणाऱ्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक असणार. लपवत होते ते फक्त मीच. तळ्याच्या बांधावरून परत येताना रडू आलं, पण ते रडणंही मला खोटंच वाटलं. बाईसाहेबांनी माझा एक सूर पुसला होता. मी या पोरीला दहा महिने सूर ऐकूच दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी मॅडमना सांगितलं, क्लबात सगळी मुलं पहिल्या दिवसापासून पियानोवर बसतील, पाळीपाळीनं. पुठ्ठा घरी सरावाला, तोही सगळ्यांना.

"झालं गेलं. कशाला बाऊ करता? तिला पुढच्या वेळी नाचात घेऊ," त्या म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं.

त्या क्लबात पहिल्यांदा म्हटलं. मॅडम विचार करून सांगणार आहेत. करू देत.

वैष्णवी आलेली नाही. कदाचित येणारही नाही, आणि तिनं मला माफ करावं असं मी तिला सांगणार नाही. पण रविवारी, कार्यक्रम झाला त्याच क्लबच्या हॉलमध्ये पालकांची बैठक आहे. मी उभी राहणार आहे. मी ढिवराची पोर आहे, हे आधी सांगणार. मग सांगणार, की ती मुलगी चुकली नव्हती. चूक माझी होती, आणि मी ती समजूनउमजून केली होती. एवढं बोलून मी खाली बसणार नाही. कोणाला काय म्हणायचं असेल ते माझ्या तोंडावर म्हणावं.