कमरेमागं हात

साहेबानं तो इशारा केला तेव्हा लूमखात्यात एक पण मशीन चालू नव्हती. हे आधी सांगून ठेवतो.

कापडाची मिल, बंद झालेली. वर कबुतरं फडफडत होती, तेवढाच काय तो आवाज. साहेब दहा पावलांवर उभा, टाय लावून. सोबत दोन पाहुणे, मशिनी भंगारात घ्यायला आलेले. त्यातल्या एकाला जुन्या तेलाच्या वासानं उलटी झाली. नेमकी माझ्या लूमच्या पायाशी. साहेबानं इकडं तिकडं पाहिलं, मग मला पाहिलं. हाक मारता आली असती. नुसतं "ए" म्हटलं असतं तरी मी पळत गेलो असतो, माझी आदतच तशी. पण नाही. त्यानं हात कमरेमागं नेला न झाडू फिरवल्यासारखा हलवला. डावीकडं, उजवीकडं.

मागं ठेवलेले आम्ही सहा कामगार न पाहुणे, सगळे हसले. सगळ्यात आधी कोण हसलं? मी. पुढचे दोन दात नाहीत, तरी दात काढले.

उलटी मी पुसली. सुताच्या चिंध्या घेऊन, उकिडवा बसून. ज्या लूमवर सतरा वर्षं उभा राहिलो तिच्या पायाशी.

आता तुम्ही म्हणाल, साहेब हरामखोर. थांबा. तो इशारा साहेबाचा नव्हता. माझाच होता. मीच बनवला होता.

लूम चालतात ना, तेव्हा शेजारच्या माणसाचा आवाज शेजारी जात नाही. म्हणून खात्यात नावं तोंडानं नाही, हातानं घ्यायचे. प्रत्येकाचा इशारा ठरलेला, न तो त्याच्या मुलखावरून. आमचे जॉबर मिसिरजी यूपीचे, मशीन दुरुस्त करायचे न काम वाटून द्यायचे. त्यांचा इशारा म्हणजे कानावर जानवं. बन्नेसिंग राजस्थानचा, माझ्या बाजूच्या लूमवर. मिशीला पीळ दिला की तो. जवळच्याच बेटमा गावचा एक जण होता, पोटावरून हात फिरवला की समजायचं त्याला बोलावलं, दाल न तुपात बुडवलेले कणकेचे बाफले खाऊन फुगलेला. कोणाला वाईट वाटायचं नाही. उलट ज्याला इशारा नाही तो परका.

मी पहिल्या दिवशी गेलो तर बन्नेसिंगनं विचारलं, तू कोण? मी महूचा. आम्ही बौद्ध. बाप छावणीत फौजी साहेबांकडं नोकरीला होता, कडक इस्त्री करून जायचा. हे सांगायचं होतं. पण मला वाटलं, आपण इशारा नाही ठरवला तर हे काहीतरी घाण ठरवतील. त्यापेक्षा आपणच आधी हसवावं. अक्कल बघा माझी. आमच्या पणज्याच्या कमरेला म्हणे मागं झाडू बांधायचे, पावलं पुसली जावीत म्हणून. मी हात मागं नेला न झाडू हलवला. दोन पावलं चालून पण दाखवलं, ढुंगण हलवत.

खातं लोटपोट. बन्नेसिंगनं पाठीवर थाप मारली. मी पास झालो.

सतरा वर्षं तो हात मागं हलत राहिला. धागा तुटला, हात मागं. चहा आला, हात मागं. मी पण त्यांना जानवं, मिशी, पोट सगळं करायचो. बराबरीचं होतं, असं मला वाटायचं. फक्त एक गोष्ट. मिसिरजी जानवं दाखवलं की छाती पुढं काढायचे. बन्नेसिंग खरंच मिशीला ताव द्यायचा. मी तेवढा वाकायचो. हे मला सतरा वर्षं दिसलं नाही.

बापाला एकदा घरी करून दाखवलं, हसेल म्हणून. तो जेवणाच्या ताटावरून उठला. मी म्हटलं, म्हातारा झाला, मजाक समजत नाही.

मग मिल बंद झाली. कागदात काय झालं मला नाही कळत, मी अंगठाछाप. लोक बोलायचे, जमाना बदलला, आता सगळं खुलं होणार. आमचं तर गेटच बंद झालं. हजारो माणूस बाहेर. घराघरात भांडणं. बायको दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जायला लागली. मी दिवसभर खाटेवर. अशात कळलं की मशिनी विकेपर्यंत सहा माणसं ठेवणार आहेत. मिसिरजींनी माझ्यासाठी शब्द टाकला. भला माणूस. साहेबाला म्हणाले, "इसको रख लो साहब, गरीब है, सबको हँसाता है।" न हात मागं नेऊन दाखवला. तिथून साहेब शिकला.

उलटीच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला ऑफिसात बोलावलं. टेबलावर सहा कागद. बाबू वाचत होता. मिसिरजी, देखरेख. बन्नेसिंग, चौकीदार. सगळ्यांच्या कागदात आधी लिहिलेलं की हा आधी लूमवर होता, इतकी वर्षं. माझा नंबर आला. बाबू वाचतो, नावच नाही, नुसतं, "सफाईवाला।"

मी म्हटलं, "न आधीचं?"

"आधीचं काय?"

"लूमवर होतो ते."

बाबूनं साहेबाकडं पाहिलं. मी हसतच होतो हां. हात जोडून बोललो, "साहब, झाडू लगा दूँगा। पूरी मिल का लगा दूँगा, संडास भी। बस कागज में लूमवाला लिख दो।"

खरंच बोललो असं. संडास पण साफ करायला तयार होतो.

साहेब हसला. वाईट नाही, प्रेमानंच हसला. "अरे तू खुद ही तो सबको बताता है कि तू क्या है। और तुझे पढ़ना तो आता नहीं। कुछ भी लिखा हो, तेरे को क्या फर्क?"

न पुन्हा तो हात. कमरेमागं.

बाबूनं शाईचा डबा माझ्याकडं सरकवला. मिसिरजी कानात म्हणाले, "भिया, अँगूठा लगा दे, पेट का सवाल है।"

मी अंगठा पुढं केला. शाईत बुडवला पण. कागदाच्या वर नेला. न मला बाप दिसला, अर्ध्या ताटावरून उठलेला. त्याला मजाक कळत होता. मला कळत नव्हता.

निळा अंगठा मी शर्टाला पुसला न बाहेर आलो. मोठा वीर होऊन नाही. पायरीवर चप्पल तुटली, एक पाय अनवाणी घासत गेलो. मागं कोणीतरी हसलं पण.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलं." मग जरा थांबून म्हणाली, "आता खायचं काय?" दोन्ही खरं होतं.

आता ऐका माझी लायकी. तिसऱ्या दिवशी मी परत गेलो. हो. अंगठा द्यायला. घरात पीठ नव्हतं, अभिमानाची भाकरी होत नाही. गेटवर बन्नेसिंग, नवीन खाकी घालून, काठी घेऊन. मला पाहून खूश झाला बिचारा. लांबूनच हात कमरेमागं नेला, झाडू हलवला. ये ये, अजून जागा आहे.

त्याच्या मनात काही नव्हतं, शपथेवर सांगतो. सतरा वर्षांचा दोस्त. माझा उजवा हात आपोआप मिशीकडं निघाला होता, त्याला जवाब द्यायला. मी तो हात खाली दाबून धरला.

"बन्ने," मी म्हटलं, "मशीन बंद है। मुँह से बोल।"

तो म्हणाला, "क्या बोलूँ?"

"मेरा नाम।"

त्यानं काठी या हातातून त्या हातात घेतली. सतरा वर्षं बाजूला उभा होता, त्याला माझं नाव येत नव्हतं. मला तरी त्याचं कुठं पूर्ण येत होतं? पण त्याच्या कागदावर ते लिहिलेलं होतं, लूमच्या वर्षांसकट. माझं कुठंच नव्हतं.

मी वळलो. तो मागून ओरडत होता, "अरे भिया, मजाक था यार!" मिल मागं राहिली. त्यानंतर त्या गेटवर गेलो नाही.

आता सकाळी मजुरांच्या चौकात उभा राहतो. ठेकेदार येतात, माणसं निवडतात. काल एकानं माझ्याकडं बोट दाखवलं. विचारलं, "क्या बुलाते हैं तेरे को?"

जीभ शिवशिवली, खोटं नाही सांगत. एक मजाक केला असता तर काम पक्कं होतं.

मी नाव सांगितलं. पूर्ण. बापाच्या नावासकट, आडनावासकट. न सांगितलं की लूम चालवायचो.

"लंबा है," तो म्हणाला, "छोटा कुछ बता।"

"छोटा नहीं है।"

त्यानं बाजूच्याला घेतलं. मी रिकाम्या हातानं घरी आलो. पीठ काल पण नव्हतं.

उद्या परत उभा राहीन. कोणी विचारलं तर तेच सांगीन, तेवढंच लांब.